अंधारातली आमची जागा

(नवी मुंबईतील वस्तीपातळीवर काम करणाऱ्या स्त्री-गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

'स्त्रिया आणि सार्वजनिक जागा' या विषयावर बोल, असं मला सांगितलं. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, त्यामुळं आकडे, अहवाल, कायदे घेऊन येईन असं तुम्हाला वाटलं असेल. थोडा कायदा शेवटी सांगणारच आहे. पण आधी आमच्या जुन्या टॉकीजबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव सांगत नाही. आमच्याकडं त्याला नुसतं 'टॉकीज' म्हणायचे. आता ते बंद आहे.

माझे वडील माथाडी कामगार. १९८० नंतर मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं तुर्भ्याला आले, त्यांच्यामागून सातारा, पुणे जिल्ह्यांतली आमच्यासारखी कुटुंबं कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी वसाहतींमधे राहायला आली. आई कांदा निवडायला जायची. घर एका खोलीचं. त्यात आम्ही सहाजण आणि गावाकडून आलेला एखादा पाहुणा. सिडकोनं आखलेल्या शहरात शाळेला भूखंड होता, बाजाराला होता, मैदानाला होता. पण आठवडाभर राबलेल्या बाईनं तासभर नुसतं टेकावं, अशी जागा मात्र आमच्या बायांना सापडली नव्हती. नळावर बसली तर 'गप्पा मारते', दारात बसली तर 'रस्त्याकडं बघते'.

रविवारी बाजार बंद. वडील मटण-भाकरी जेवून झोपले की आई, शेजारच्या तीन मावश्या आणि आम्ही पोरीबाळी तीनच्या खेळाला निघायचो. खिडकीवर बायकांची वेगळी रांग असायची. ती पुरुषांच्या रांगेपेक्षा निम्मी. त्यामुळं अनोळखी माणसं 'ताई, आमचीही दोन काढा' म्हणत पैसे पुढं करायची. एरवी ज्या बाईला बाजारात कुणी 'ए' शिवाय हाक मारत नव्हतं, तिला तिथं 'ताई' म्हणून विनंती व्हायची. आई ठसक्यात म्हणायची, "सुट्टे द्या, मग काढते."

आत खुर्च्यांची गादी फाटलेली, पंख्यांची घरघर, पडद्याच्या एका कोपऱ्यात डाग. डोअरकीपर बॅटरी दाखवत जागेवर नेऊन बसवायचा. दिवे गेले की आई पहिलं काम काय करायची? पायातल्या चपला काढायची आणि पाय समोरच्या खुर्चीखाली लांब करायची. घरी मी तिला पाय लांब करून बसलेलं कधी बघितलं नाही.

तिथंच मी 'माहेरची साडी' पाहिला. तो १९९१ सालचा, पण आमच्याकडं जुने चित्रपट पुन्हा पुन्हा लागायचे. सगळं थिएटर हुंदके देत होतं. आई इतकी रडली की मी घाबरले. मध्यंतरात तिनं तोंड धुतलं, आम्हाला समोसा घेऊन दिला आणि परत आत जाऊन रडायला बसली.

पुढं एम.एस.डब्ल्यू.ला असताना मी याच चित्रपटावर निबंध लिहिला. सोशीक सुनेचं उदात्तीकरण, सासुरवासाला पुण्याईचा मुलामा, वगैरे. चांगले गुण मिळाले. मोठ्या उत्साहानं घरी आईला वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, "असंल गं तसं. पण पिक्चर बघायला कोण जात हुतं? आम्ही बसायला जायचो. घरात रडायला कोपरा हुता का?"

माझी टीका चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. पण पडद्यावर काय चाललंय हे पाहण्याच्या नादात पडद्यासमोर कोण, का बसलंय हे मी पाहिलंच नव्हतं.

आता जे सांगायला आले ते सांगते. मी बारा वर्षांची होते. चित्रपट कुठला होता ते आठवत नाही. मागच्या रांगेतून, दोन खुर्च्यांच्या फटीतून एक हात आला. पहिल्यांदा वाटलं चुकून लागला. दुसऱ्यांदा कळलं. तिसऱ्यांदा मी आईच्या कानात सांगितलं.

आई चप्पल हातात घेऊन उभी राहिली. तिच्या तोंडून ज्या शिव्या बाहेर पडल्या त्या मी तोपर्यंत ऐकल्या नव्हत्या. माणूस बाजूच्या दारानं पळाला. डोअरकीपर आला आणि त्यानं बॅटरीचा झोत टाकला तो आमच्यावर. पळणाऱ्याच्या मागं कुणी गेलं नाही. मागून आवाज आले, 'बसा खाली, पिक्चर बघू द्या.' बाहेर आल्यावर आम्हाला सांगण्यात आलं, "बायकांनी घरचं माणूस घेऊन येत जावं."

संध्याकाळी वसाहतीत बातमी पसरली. वडील ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बास झालं आता थेटर." शेजारच्या तिन्ही घरांत तेच झालं. एका माणसानं गुन्हा केला आणि चार घरांतल्या बायकांचा रविवार गेला. त्याचा गेला नाही. तो पुढच्या आठवड्यात तिथंच बसला असेल.

आठ दिवसांनी शेजारची मैत्रीण मला म्हणाली, "तू कशाला सांगितलंस?" ती रागानं बोलली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. मैत्रिणींनो, कितीतरी वर्षं मी हेच धरून चालले की आईचे लांब केलेले पाय मी परत आखडायला लावले.

आज वस्तीतल्या मुलींशी बोलताना तेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकू येतं. "ताई, सांगितलं तर क्लास बंद होईल." "मोबाईल काढून घेतील." "गावाला पाठवतील." त्रास देणाऱ्यापेक्षा त्यांना आपल्या माणसांची भीती जास्त वाटते, कारण शिक्षा घरातून होणार हे त्यांना ठाऊक असतं. तीही काळजीच्या नावाखाली.

ही काळजी जुनी आहे. मुंबईत १८९६ साली ल्युमिए बंधूंची हलती चित्रं आली. नॉव्हेल्टी थिएटरात खेळ सुरू झाले, तेव्हाच जाहिरातीत पडदानशीन स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स होते. म्हणजे बाईला आत घ्यायचं, पण झाकून. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती १९१३ साली पुरुषानंच केली. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मधे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पडद्यावर यायला बाईला जेवढं धैर्य लागलं, तेवढं पडद्यासमोर एकटीनं बसायला आजही लागतं.

आता कायदा. मी बारा वर्षांची होते तेव्हा मुलांसाठी वेगळा कायदा नव्हता. २०१२ साली पॉक्सो आला. मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्यानं पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. म्हणजे आज ती बॅटरी आमच्यावर मारून कुणाला मोकळं होता येणार नाही. मोठ्या स्त्रीचा लैंगिक छळ हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७५व्या कलमात आहे. २०१८ साली केरळमधल्या एडप्पालच्या थिएटरात एका लहान मुलीचा छळ झाला, तो तिथल्या कॅमेऱ्यामुळं उघडकीला आला. पण उशिरा कळवलं म्हणून पोलिसांनी थिएटरच्या मालकालाच अटक केली आणि त्यावरून गदारोळ झाला. बोलणाऱ्यालाच धरायचं, हा धडा सरकारी यंत्रणेनंही सोडायला हवा.

आणि कॅमेरे लावून भागत नाही. २००१ साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. थंडगार हॉल आले, दारात पर्स तपासणारी बाई आली. सुरक्षितता आली म्हणतात. पण कांदा निवडणारी बाई चार पोरींना घेऊन तिथं जाईल का? तिकिटाच्या दरानंच तिला बाहेर ठेवलं.

आमच्या गटानं गेल्या वर्षापासून महिन्यातून एका रविवारी, दुपारी तीनला, वसाहतीतल्या एका हॉलमधे पडदा लावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी सवयीनं चर्चेसाठी प्रश्न काढून नेले होते. पहिल्या रांगेत आई होती. दिवे मालवले, तेव्हा तिनं चपला काढल्या. मी प्रश्नांचा कागद पर्समधे ठेवून दिला.

जाता जाता एवढंच मागते. इथून परत गेल्यावर आपापल्या वस्तीत बायांना विचारा, 'तुम्ही बसता कुठं?' आणि एखादी मुलगी काही सांगायला आली, तर तिचं ऐकून घेतल्यावर तिला पहिलं हे सांगा की तुझा क्लास बंद होणार नाही. तो बंद होऊ द्यायचा नाही, हे काम मग आपलं.