प्रकाशन बंद पडलं तर यक्षिणी कुणाची?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

 

मागच्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. भुताखेतांच्या प्रेमकथा आणि फँटसी छापणारं छोटं प्रकाशन चालवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पैसे सुटतात का? आम्ही पुस्तक पाठवलं तर चालेल का? आज त्यावरच बोलू. फक्त मी सुरुवात शेवटाकडून करणार आहे. म्हणजे, प्रकाशन बंद पडतं तेव्हा काय होतं इथून.

आधी आम्ही काय छापतो ते सांगते. 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणजे अशी प्रेमकथा, जिच्यातल्या दोघांपैकी निदान एक जण पुरता माणूस नसतो. इंग्रजीत व्हॅम्पायर असतो, माणसाचा लांडगा होतो. २००५ मध्ये 'ट्वायलाइट' आलं आणि हा प्रकार घराघरांत पोचला. आपल्याकडे यक्षिणी आहे, हडळ आहे, मुंजा आहे, वेताळ आहे. आणि मराठीला हे नवीन अजिबात नाही. 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ मध्ये आली होती. पुढे नारायण धारपांनी, रत्नाकर मतकरींनी आपल्या आईबाबांची झोप उडवलीच. फरक एवढाच, की भयकथेचा वाचक शेवटी दचकायला तयार असतो. प्रेमकथेच्या वाचकाला ते दोघं शेवटी एकत्र यायला हवे असतात. शेवटच्या पानावर यक्षिणी विहिरीत परत गेली, तर आम्हाला रात्री दोन वाजता मेसेज येतात. खरंच येतात.

आमचं प्रकाशन म्हणजे दोन माणसं, एक लॅपटॉप आणि माझ्या आईच्या घरातली गठ्ठ्यांनी भरलेली एक खोली. आता गणित बघा. सोपे आकडे घेते. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये. विक्रेता आणि वितरक मिळून ४५ टक्के घेतात. आपल्या हातात आले १६५. छपाईला प्रतीमागे ९० गेले. लेखकाची रॉयल्टी दहा टक्के, म्हणजे ३०. उरले ४५. पाचशेची आवृत्ती अगदी शेवटच्या प्रतीपर्यंत खपली, तर साडेबावीस हजार. त्यातून मुखपृष्ठाचा चित्रकार, मुद्रितशोधन, संपादन. बहुतेक वेळा तिथेच संपतं सगळं.

मग ही माणसं हे करतात तरी कशाला? कारण आहे मालिका. आपल्या प्रकारात वाचक एका पुस्तकासाठी येत नाही, तो त्या जगासाठी येतो. तिसरा भाग आला की पहिल्या भागाची मागणी पुन्हा सुरू होते. त्यातले काही वाचक थेट आमच्याकडून घेतात, तेव्हा ते ४५ टक्के आमच्याकडेच राहतात. म्हणून प्रत्येक मालिकेसाठी आम्ही एक नियमवही ठेवतो. यक्षिणीला उंबरा ओलांडता येतो का? लोखंड चालतं का? अमावस्येला तिची ताकद वाढते की कमी होते? पहिल्या भागात नाही म्हटलं आणि तिसऱ्यात हो झालं, तर वाचक माफ करत नाहीत.

पण मालिका म्हणजे दोन-तीन, कधी पाच वर्षांचा संसार. आणि छोट्या प्रकाशनाचं आयुष्य तेवढं असेलच असं नाही.

चिपळूणची एक लेखिका आहे, नाव सांगत नाही. बँकेत नोकरी करते, रात्री लिहिते. तिचं हस्तलिखित आम्हाला फार आवडलं. तीन भागांची योजना होती. मी करार पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन. म्हणाली, "ताई, एक विचारू? राग मानू नका. तुमचं प्रकाशन बंद पडलं तर माझी यक्षिणी कुणाची?"

मी म्हटलं, "राग कसला, बरोबर विचारलंत. मला दोन दिवस द्या." उत्तर मला माहीत होतं, पण ते करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेक छापील करारांत ते नसतंच.

तर ती विचारत होती ते काही उगाच नाही. अमेरिकेत याच प्रकारच्या प्रकाशनांचं काय झालं ते ऐका.

२००० साली ओहायोमध्ये टीना एंगलर या लेखिकेने 'एलोराज केव्ह' सुरू केलं. नाव ऐकून वेरूळ आठवलं ना? मलाही. मोठे प्रकाशक तिचं लेखन घेत नव्हते, म्हणून तिने स्वतःच्या वेबसाइटवरून ईबुक विकायला सुरुवात केली. तेव्हा किंडल नव्हतं, ते आलं २००७ च्या शेवटी. लोक कॉम्प्युटरवर पीडीएफ वाचायचे. धीट प्रेमकथा, त्यात पॅरानॉर्मल भरपूर. धंदा जोरात चालला. पाठोपाठ अशी कितीतरी प्रकाशनं निघाली. २००५ मध्ये 'सॅमहेन' निघालं.

या सगळ्यांची ताकद एकच होती. मोठे प्रकाशक जे छापत नव्हते आणि जिथे विकत नव्हते, तिथे हे विकत होते. पण २०१० मध्ये ॲमेझॉनने ठरावीक किमतीच्या ईबुकवर लेखकाला थेट सत्तर टक्के द्यायला सुरुवात केली. आता लेखकाने मध्ये प्रकाशक ठेवायचा कशाला? संपादन आणि मुखपृष्ठ पैसे देऊन करून घेता येतं. छोट्या प्रकाशनांच्या पायाखालची वाळू तिथून सरकायला लागली.

पुढे बंद पडण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या.

'ट्रिस्केलियन' नावाचं प्रकाशन तर त्याही आधी, २००७ मध्ये, दिवाळखोरीत गेलं. लेखकांना वाटलं, चला, निदान पुस्तक तरी परत मिळेल. पण दिवाळखोरीत कंपनीचं जे जे काही मोलाचं, ते देणेकऱ्यांसाठी राखलं जातं. लेखकांचे करारसुद्धा त्या मालमत्तेत धरले गेले. टेबल-खुर्चीच्या यादीत तुमची नायिका! कंपनी दिवाळखोर झाली की हक्क आपोआप लेखकाकडे, असं करारात लिहिलेलं असलं तरी अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यापुढे ते वाक्य सहसा टिकत नाही.

'एलोराज केव्ह' हळूहळू खचलं. रॉयल्टी उशिरा मिळते अशा तक्रारी आल्या. त्याबद्दल लिहिणाऱ्या एका ब्लॉगवर कंपनीने २०१४ मध्ये बदनामीचा दावा लावला, २०१५ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि २०१६ च्या अखेरीस प्रकाशन बंद झालं.

आणि 'सॅमहेन'? त्यांनी २०१६ च्या सुरुवातीलाच सांगितलं, आम्ही आवरतं घेतोय. पुढे आणखी वर्षभर दुकान चालू ठेवलं आणि २०१७ च्या फेब्रुवारीअखेर बंद केलं. हक्क लेखकांकडे परत गेले. दुःख झालंच सगळ्यांना, पण लेखकांना तयारीला वेळ मिळाला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडची बरीचशी छोटी प्रकाशनं एका माणसाच्या किंवा दोघा भागीदारांच्या नावावर असतात. ती रीतसर दिवाळखोरीत जात नाहीत. ती नुसती थांबतात. फोन लागत नाही, गाळा दुसऱ्याला दिलेला असतो, मालक वारलेले असतात. मुलगा दुसऱ्या गावी, त्याला वडिलांच्या कपाटात कुणाचे हक्क पडलेत हे माहीतही नसतं. लेखकाला पुस्तक दुसरीकडे द्यायचं असतं, पण नवा प्रकाशक म्हणतो, आधीच्यांचं पत्र आणा. पत्र द्यायला आहे कोण?

इथे आपला कायदा थोडा मदतीला येतो. कॉपीराइट कायदा, १९५७. त्याचं कलम १९ एकदा वाचाच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवं. कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, हे त्यात हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि प्रकाशकाने हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर ते हक्क संपतात, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. ती शेवटची अट लक्षात ठेवा! बऱ्याच करारांत नेमकं 'वेगळं काही' लिहिलेलं असतं. 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' हे तीन शब्द वाचून लोक सही करतात. ती मुदत म्हणजे लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर साठ वर्षं. तुमची नातवंडं म्हातारी होतील.

तर मी आणि माझा भागीदार बसलो आणि एक पान लिहिलं. आम्ही त्याला 'शेवटचं पान' म्हणतो. तो आधी चिडला होता. म्हणाला, "दुकान नीट उघडलं नाही अजून, आणि तू जिवंतपणी श्राद्ध घालतेस?" मी म्हटलं, "इन्शुरन्स काढतोस ना? तेच हे."

त्या पानावर काय आहे सांगते. हवं तर पॉज करून लिहून घ्या.

एक. मुदत पाच वर्षं. छापील पुस्तक आणि ईबुक तेवढंच आमच्याकडे. ऑडिओ, अनुवाद, वेब सीरिज लेखकाकडे. ऑडिओ आम्ही काढणार असू तर त्याचा वेगळा करार.

दोन. सलग बारा महिने पुस्तक कुठेच मिळत नसेल, तर लेखकाच्या एका ईमेलवर साठ दिवसांत हक्क परत. कारण विचारायचं नाही.

तीन. लेखकाची रॉयल्टी वेगळ्या खात्यात. छपाईवाल्याचं बिल थकलं तरी त्या खात्याला हात लावायचा नाही. ते पैसे आमचे नाहीतच.

चार. आवरतं घ्यायचं ठरलं की लेखकांना सहा महिने आधी कळवायचं. शेवटच्या मसुद्याची फाइल लेखकाला द्यायची. उरलेल्या प्रती छपाईच्या दरात घेण्याचा पहिला हक्क लेखकाचा. मुखपृष्ठाचं मात्र नीट बघा. चित्र चित्रकाराने काढलेलं असतं. म्हणून त्याच्याशीही आम्ही आधीच लेखी ठरवतो, की पुस्तक दुसरीकडे गेलं तर चित्र बरोबर जाईल का आणि किती पैशांत.

पाच. आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर हक्क परतीचं पत्र कोण देणार, त्या तिसऱ्या माणसाचं नाव. आमच्याकडे ती माझी बहीण आहे. तिला फँटसीतलं ओ की ठो कळत नाही, पण फाइल कुठे आहे ते कळतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोडून दिल्यावर प्रकाशकाकडे राहिलं काय? बरोबर आहे. याची किंमत मोजावी लागते आणि ती आम्ही मोजलीय. आमच्या एका लेखकाचे दोन भाग आम्ही काढले, वाचक मिळवून दिले, आणि तिसरा भाग तो मोठ्या प्रकाशनाकडे घेऊन गेला. करारात तशी मुभा होती. पुढच्या भागाचं हस्तलिखित आधी आम्हाला दाखवायचं आणि आम्ही साठ दिवसांत हो-नाही सांगायचं, एवढंच बंधन. आम्ही हो म्हटलं, त्याला तिकडे आगाऊ रक्कम जास्त मिळाली. भागीदार आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. मलाही लागलंच.

पण तिसरा भाग आला तेव्हा पहिले दोन शोधत लोक आमच्याकडेच आले. आणि तो लेखक आजही नवीन लिहिणाऱ्यांना आमचा नंबर देतो. त्याला बांधून ठेवलं असतं तर त्याने तिसरा भाग लिहिलाच नसता, असं मला वाटतं. रागावलेला लेखक मालिका पूर्ण करत नाही. मग नियमवही आपल्याकडे राहते, आणि तिच्यात लिहायला काहीच नसतं.

चिपळूणच्या लेखिकेला मी ते पान पाठवलं. तिने दोन शब्द बदलून मागितले, बदलले, सही झाली. सध्या दुसऱ्या भागाचं संपादन चाललंय आणि अमावस्येवरून आमचं रोज भांडण होतं.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगते. लिहीत असाल, तर सही करण्याआधी प्रकाशकाला विचारा: मुदत किती? कोणकोणते हक्क? पुस्तक मिळेनासं झालं तर काय? तुम्ही बंद पडलात तर काय? जो या प्रश्नांवर चिडेल, त्याच्याकडे हस्तलिखित देऊ नका. आणि प्रकाशन काढायचं मनात असेल, तर जरूर काढा! आपल्या भाषेत भुतं पुष्कळ आहेत, छापणारे कमी आहेत. फक्त पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करायला देण्याआधी तुमचं ते शेवटचं पान लिहा.

घरात जुना करार पडलेला असेल, आजोबांचा, आत्याचा, तर तो काढून वाचा आणि त्यात मुदत काय लिहिलीय ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातल्याच काही करारांवर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि रात्री विहिरीजवळ कुणी हाक मारली तर आधी नाव विचारा!