शाळा सोडल्याचे कारण

(वसंत व्याख्यानमालेतील चौथे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)



पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘आमच्या वेळचं हायस्कूल’. ह्या विषयावर बोलायला उभं राहिलं की माणूस पहिल्या दोन मिनिटांत गाभुळलेल्या चिंचांवर येतो आणि पाचव्या मिनिटाला छडीवर. चिंचा मलाही आवडतात. छडीही मी खाल्ली आहे, पुढे दिलीही आहे. पण आज मी सुरुवात करणार आहे एका कपाटापासून.

मी ह्याच कऱ्हाड-पाटण भागातल्या एका हायस्कुलात शिकलो आणि पुढे तिथेच हेडमास्तर झालो. शाळेचं नाव घेत नाही. तिचे तीन माजी चेअरमन पहिल्या रांगेत बसलेत. हेडमास्तरच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट असतं. त्याची किल्ली शिपायाकडे असते आणि अधिकार हेडमास्तरकडे. त्यात जनरल रजिस्टर असतं. कापडी पाठीचं, इतकं लांब की उघडलं की टेबलाच्या दोन्ही अंगांना लोंबतं. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक. जन्मतारखेच्या रकान्यातून बोट खाली आणत गेलं की वाटतं, ह्या मुलखात बायका फक्त एक जूनलाच बाळंत होत असाव्यात. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. पहिलीत नाव घालायला आणलेल्या पोराचं वय मास्तरांनी अंदाजाने धरायचं आणि शाळेच्या हिशेबात बसेल अशी तारीख टाकायची. आमची पिढी अशी टाकावर जन्मली.

वर्तणुकीच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द: चांगली. माझ्याही नावापुढे. ड्रिलच्या सरांच्या सायकलची हवा मी सोडली होती, हे तिथे नाही.

आणि उजव्या टोकाला, पान संपता संपता, एक अरुंद रकाना. शाळा सोडल्याचे कारण. हेडमास्तर म्हणून दाखल्यांवर सह्या करता करता मला ह्या रकान्याचं वेड लागलं. ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ हे कारण अधूनमधून येतं. बाकी सगळं दुसरंच. ‘परगावी गेल्याने.’ ‘सतत गैरहजर, नाव कमी केले.’ ‘फी न भरल्याने.’ ‘घरकामासाठी.’ मुलींच्या बाबतीत नववीच्या आसपास ‘लग्न ठरल्याने’. कायद्यालाही त्यात वावगं नव्हतं. मुलीच्या लग्नाचं वय तेव्हा पंधरा होतं, अठरा झालं ते १९७८ साली. आमच्या वर्गात मुली डाव्या भिंतीलगतच्या दोन बाकांवर बसायच्या. तास सुरू व्हायच्या आधी त्या एका वेगळ्या खोलीत थांबत आणि सरांच्या मागोमाग रांगेने वर्गात येत, सरांबरोबरच बाहेर जात. आठवीत दोन बाक भरलेले होते. अकरावीत एकच उरला. त्यांच्याशी चार वर्षांत मी किती वाक्यं बोललो असेन? एक आठवतं: “हस्तलिखितासाठी काही लिहिलंय का?” उत्तर मानेने आलं, नाही म्हणून.

आता अकरावी म्हणजे काय ते तरुण मंडळींना सांगायला हवं. तेव्हा शाळा अकरावीपर्यंत. एस.एस.सी. अकरावीला. लोक तिला जुन्या सवयीने मॅट्रिकच म्हणत. दहावीची पहिली एस.एस.सी. झाली ती १९७५ साली. आम्ही १९६८ चे. इंग्रजीशी आमची गाठ आठवीत पडली, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात आम्ही ए, बी, सी, डी गिरवत होतो. मग चार वर्षांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचं बोट धरून पळायचं. ज्याला पळता आलं नाही त्याचं कारण इंग्रजी, पण रजिस्टरात मात्र ‘घरकामासाठी’.

आणि हायस्कूल ही चीज तरी गावोगाव कुठे होती? आमच्या आधीच्या पिढीला मॅट्रिक व्हायचं तर कऱ्हाड नाहीतर सातारा गाठावं लागे. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले. १९३२ साली, शाळेत असतानाच, कायदेभंगात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आले आणि १९३४ साली मॅट्रिक झाले. मध्येच तुरुंग आणि पुन्हा भूमितीचं पुस्तक. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं, ‘कमवा आणि शिका’ ह्या रीतीने, आणि मग त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची हायस्कुलं खेडोपाडी पोचू लागली. त्यांचं पाहून इतरांनीही काढली. आमचं त्यातलंच एक: एका वाड्याच्या पडवीत सुरू झालेलं, पुढे कौलारू लांबट इमारतीत गेलेलं. घंटा म्हणजे आंब्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा.

ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठीची सवलत नसती तर आमच्या वर्गातली कितीतरी पोरं आठवीच्या पुढे सरकली नसती. १९५९ साली ती सुरू झाली. घरचं वार्षिक उत्पन्न नऊशे रुपयांच्या आत असेल तर फी माफ. पुढे ही मर्यादा बाराशे झाली. मग जूनमध्ये तलाठ्याच्या दारात रांग. दाखला हातात आला की आमचे वडील तो उजेडात धरून वाचत. एरवी कुणी गरीब म्हटलेलं त्यांना खपत नसे, पण त्या दिवशी ते कागदावर नीट लिहिलंय ना, हे तपासून घेत.

वाड्यावस्त्यांवरची मुलं तीन-चार मैल चालत यायची, फडक्यात भाकरी बांधून. लांबची मुलं गावात खोली करून राहत. त्यांचा डबा एसटीने यायचा. सकाळच्या गाडीला आई डबा द्यायची, कंडक्टर तो टपावर नाहीतर पायाशी ठेवायचा आणि आमच्या स्टँडवर हाक मारून खाली द्यायचा. डब्यावर नाव रंगवलेलं. गाडी चुकली की पोरगं उपाशी, आणि उपाशी पोरगं कोण ते सगळ्या वर्गाला दुपारी कळायचं, कारण त्याला त्या दिवशी पाचजणांची भाकरी मिळायची.

खेळाचं थोडक्यात सांगतो. खो-खो, हुतुतू, लेझीम. बॅट मी पहिल्यांदा हातात धरली ती कॉलेजात. गॅदरिंगचं मात्र थोडक्यात सांगता येणार नाही. दोन पेट्रोमॅक्स भाड्याने. पडदा म्हणजे पाटलांच्या घरचं जाजम. नाटकात बाईचं काम मुलगाच करणार, आणि त्याला लुगडं द्यायचं मराठीच्या सरांच्या बायकोने. एका वर्षी आमची नायिका संवाद विसरली तेव्हा खुद्द बाईच समोरून ओरडल्या, “पदर सोड तो, फाटंल!” नाटक ऐतिहासिक होतं. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.

पण मला खरं बोलायचंय ते हस्तलिखिताबद्दल.

शाळाशाळांतून हस्तलिखित अंक निघत. छपाई परवडत नसे हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढत. दैनिक, बरं का! हाताने लिहिलेलं. आम्हाला वर्षातून एक अंक काढताना नाकी नऊ येत. ड्रॉइंगच्या सरांनी मुखपृष्ठ करायचं, मराठीच्या सरांनी मजकूर तपासायचा, आणि मग सगळं एका अक्षरात लिहून काढायचं. एकाच अक्षरात, ही अट. अंक सुबक दिसायला हवा. त्यामुळे ज्याचं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं तो राजा. तोच आमचा छापखाना.

१९६५ साली, आम्ही नववीत असताना, हा छापखाना होता माझ्याच बाकावर बसणारा कुंभाराचा मुलगा. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली होती, तेव्हा अंक जवानांवर. तो टाकाने लिहायचा. दौतीत टाक बुडवला की काठावर एकदाच झटकायचा, आणि मग ओळ संपेपर्यंत हात उचलायचा नाही असं वाटे. ‘क्ष’ काढताना जीभ बाहेर यायची. मी शेजारी टीपकागद घेऊन बसायचो. माझं काम ओळ वाळवणं, एवढंच. माझं अक्षर कसं होतं ते ह्या सभागृहातल्या पुष्कळांनी फळ्यावर पाहिलंय.

पाऊस त्या साली दगा देऊन गेला. तशात त्याचे वडील आजारी पडले. घरात कमावत्या वयाचा हाच. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी आला नाही. वीटभट्टीवर गेला होता. अंक अर्धवट. सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाले, “शेजारी कोण बसत होता?”

तो अंक अजून त्या कपाटात आहे. सुतळीने शिवलेला, कडा कुरतडलेल्या. पान चौतीसपर्यंत मोत्यासारखं अक्षर. एका जवानाची गोष्ट चाललीय. तो बर्फात पत्र लिहायला बसतो, आणि पान उलटल्यावर पस्तीसपासून त्याचं पत्र कोंबडीच्या पायांनी लिहिलंय. ते माझं अक्षर. रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘घरकामासाठी’. दोन्ही कागद एकाच कपाटात, एकाच फळीवर.

अकरावीचं वर्ष सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर अकरावीच्या मुलांनी रात्री शाळेतच झोपायचं, अशी पद्धत होती. ज्याने त्याने आपला कंदील आणि वाकळ आणायची. दहापर्यंत अभ्यास, पुन्हा पहाटे चारला उठवायचे. १९६२ पासून कोयनेची वीज मुंबईकडे जात होती, आणि आम्ही तिच्या उशाशी कंदिलाच्या काचा राखेने पुसत होतो. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे चार एकवीस. उठवलेलं होतं, पण उठलं कुणी नव्हतं. आधी वाटलं, छपरावर ट्रक चढला. मग कौलं सरकायला लागली. कंदील विझले की कुणी विझवले, आठवत नाही. गणिताच्या सरांचा आवाज तेवढा आठवतो: “मैदानात!” थंडीत मैदानात आम्ही उभे, कुणाला कुणी दिसत नाही. हजेरीपट आत राहिलेला. सरांनी अंधारात तोंडपाठ हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक. हजर. दोन. हजर. एका नंबरावर कुणी बोललं नाही. सर पुन्हा म्हणाले. मग मागून कुणीतरी सांगितलं, “तो काल घरी गेलाय सर, बहिणीला पाहायला येणार होते.” सरांनी पुढचा नंबर घेतला. आमच्यातलं कुणी गेलं नाही. वर कोयनानगरात भूकंपाने काय झालं ते दुपारपर्यंत कळलं, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षी गॅदरिंग झालं नाही आणि मार्चपर्यंत आम्ही आंब्याखाली शिकलो.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, नुसते नंबर. पेपर एसटीने यायचे. स्टँडवर सगळं गाव. एकाच्या हातात पेपर आणि वीस बोटं त्यावर. माझा नंबर मला सापडेना, तर हॉटेलवाल्याने शोधून दिला. चहाचे पैसे मात्र घेतले.

आता शेवटचं. मी हेडमास्तर असताना एक दिवस तोच मित्र ऑफिसात आला. भट्टी केव्हाच सुटली होती. तो पेंटर झाला होता. ह्या बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या, फ्लेक्स येईपर्यंत. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता, जात पडताळणीसाठी बापाचा शाळेचा दाखला हवा होता. त्याने तो कधी नेलाच नव्हता. भट्टीवर कोण विचारतो दाखला?

मी रजिस्टर काढलं. दाखला लिहिताना रजिस्टरात जे असेल तेच उतरवायचं, काना-मात्रा बदलता येत नाही, हा नियम. जन्मतारीख, एक जून. वर्तणूक, चांगली. शेवटच्या रकान्याशी मी जरा थांबलो. तो म्हणाला, “लिही की. काय लिहिलंय त्यात?” मी लिहिलं. सही केली, शिक्का मारला, कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने खिशातून चष्मा काढला, दाखला खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, तो रकाना वाचतोय.

मग चष्मा काढत म्हणाला, “लेका, एवढा हेडमास्तर झालास. अक्षर काय सुधारलं नाही तुझं.”