भित्यापाठी इंग्रजी



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. शिक्षण बी.एस्सी. मानसशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तरी आज फोबियाबद्दल, म्हणजे मराठीत आपण ज्याला भयगंड म्हणतो त्याबद्दल बोलणार आहे. कारण गेलं दीड वर्ष एक विद्यार्थिनी माझ्याकडे इंग्रजी शिकते आहे आणि तिच्या पुस्तकांमधून मी हा विषय शिकतो आहे.

आम्ही वडोदऱ्यात राहतो. तिचं घर मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, बी.ए.सुद्धा गुजरातीतून. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांची ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल. तीन भाषा खळखळून बोलतात आणि चौथी आली की गप्प. सेमिनार इंग्रजीत द्यायचा म्हणून ही मुलगी एम.ए. सोडायला निघाली होती. तिचे वडील म्हणाले, "साहेब, जरा बघा."

मी तिला व्याकरणाचं पुस्तक दिलं नाही. म्हटलं, तुझ्याच अभ्यासातला एक धडा काढ. तिने भयगंडाचा काढला.

त्यात १९२० सालचा जॉन वॉटसन आणि रोझेली रेनर यांचा प्रयोग होता. अल्बर्ट नावाचं अकरा महिन्यांचं बाळ. पांढऱ्या उंदराला ते मुळीच घाबरत नव्हतं. मग तो उंदीर समोर आला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचे. काही वेळा असं झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागलं. पुढे सशाला आणि केसाळ कोटालाही घाबरू लागलं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

एवढं एक पान वाचायला आम्हाला चार दिवस लागले. 'जनरलायझेशन' या शब्दावर गाडी अडली. मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे काय म्हणतात? दुधाने तोंड पोळलं की..." ती लगेच म्हणाली, "ताकही फुंकून पितात!" झालं. शब्द कायमचा डोक्यात बसला. पहिला धडा हाच, की नवी भाषा शिकताना आपली भाषा दाराबाहेर ठेवायची नसते.

दुसरी गोष्ट तिनेच माझ्या लक्षात आणून दिली. ती म्हणाली, "काका, मराठीत मला भीती वाटते. गुजरातीत मने बीक लागे छे. म्हणजे मी वेगळी, भीती वेगळी. इंग्रजीत मात्र आय अ‍ॅम अफ्रेड. तिथे मीच घाबरलेली!" भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतील ते म्हणोत, पण मला हे फार आवडलं. भीती येते तशी जातेही, हे आपल्या वाक्यरचनेतच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. भीती टिकते कशाने? टाळण्याने. कुत्र्याला घाबरणारा माणूस रस्ता बदलतो, त्याला लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच त्याचं बक्षीस ठरतं, म्हणून उद्या तो पुन्हा रस्ता बदलतो. कुत्रा चावणार नव्हता, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो तो असा. हे वाचून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी वर्गात शेवटच्या बाकावर बसते, ते हेच ना?"

यावर उपायही त्याच धड्यात होता. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर या मुलाला खाऊ खायला बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा दररोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर त्या सशाला कुरवाळू लागला. पुढे जोसेफ वोल्पी यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. हे दक्षिण आफ्रिकेचे, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर. युद्धाने मन खचलेल्या जवानांवर तेव्हाच्या औषधांचा टिकाऊ गुण येईना, म्हणून ते दुसऱ्या वाटेच्या शोधात लागले. त्यांचं पुस्तक १९५८ चं. भीतीला ० ते १०० गुण द्यायची रीतही त्यांचीच.

मला हे ऐकून नवल वाटलं नाही. छत्रीधारी सैनिकालासुद्धा पहिल्या दिवशी कोणी विमानातून ढकलत नाही. आधी जमिनीवरचा सराव, मग उंचीवरचा, मग आकाश.

आम्ही तिची शिडी केली. एकटीने मोठ्याने वाचणं, १० गुण. स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐकणं, ३०. माझ्याशी दहा मिनिटं इंग्रजीत बोलणं, ४५. वर्गात एक प्रश्न विचारणं, ७०. सेमिनार, ९५. प्रत्येक पायरीआधी वहीत लिहायचं, "काय होईल असं वाटतं". नंतर शेजारी लिहायचं, "काय झालं". वर्गातल्या प्रश्नाआधी तिने लिहिलं होतं, "सगळे हसतील." नंतर लिहिलं, "एक हसला. बाईंनी उत्तर दिलं."

सातव्या महिन्यात तिने सेमिनार दिला. विषय अर्थातच भयगंड. वीस मिनिटं बोलली. पहिल्या दोन मिनिटांत हात थरथरत होते, असं तिनेच सांगितलं. काळाच्या चुका अजून होतात, 'द' अजून हरवतो. पण ती बोलते, आणि म्हणून त्या चुका आता दुरुस्त तरी करता येतात. गप्प माणसाची चूक कोण सुधारणार?

एक सावधगिरी. इंग्रजी बोलताना धडधडणं म्हणजे फोबिया नव्हे. शब्द स्वस्त करू नका. भयगंड म्हणजे धोक्याच्या मानाने फार मोठी भीती. ती साधारण सहा महिने किंवा जास्त टिकते आणि रोजचं जगणं अडवते. तसं असेल तर शेजारच्या निवृत्त कर्नलकडे जाऊ नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. आणि कोणाला बरं करायचं म्हणून एकदम खोल पाण्यात लोटू नका. शिडी ज्याची त्यानेच चढायची असते, आपण फक्त खाली धरून उभं राहायचं.

तुमच्या घरात असं कोणी गप्प बसलेलं असेल, तर आज त्याला "घाबरू नकोस" म्हणू नका. एवढंच विचारा, "सगळ्यात खालची पायरी कोणती?"

जय हिंद.