अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडे



मार्च महिन्यातला एखादा रविवार काढा आणि मुलांना, मुलींनाही, नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरी डोंगरावर घेऊन जा. परीक्षा जवळ आली आहे हे खरे. पण एका दिवसाने गुण घटत नाहीत. पहाटेच चढा, मात्र वर घाई नको. ऊन तापून कड्यालगतची हवा वर चढू लागली, म्हणजेच हा जड पक्षी उडतो आणि सुमारे सात फुटी पंख न हलविता घिरट्या घेत वर जातो.

लांब चोचीच्या गिधाडाचे घरटे कपारीत असते आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. १९९० नंतर भारतातील ही गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून कारण उलगडले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. असे औषध दिलेले जनावर मेले व गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी घातली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरची झाली.

आपल्यापैकी कित्येकांच्या दारात गुरे आहेत. पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना बाधत नाही.

आणि डोंगरावर घरट्यापासून दूर बसा. माणूस जवळ आला की पक्षी पिल्लाला सोडून उडतो.