जेटमध्ये तार घालू नका



बाबांच्या जुन्या स्प्लेंडरचा पिकअप वाढावा म्हणून आम्ही दोघा भावांनी मोठा मेन जेट बसवला. पिकअप राहिला बाजूला. प्लग काजळीने काळा, पेट्रोलही जास्त! गाडी विकायचं ठरलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आधी होती तशी करून बघा."

मूळ मापाचा जेट परत लावला. एअर स्क्रू काढण्यापूर्वी त्याचे फेरे मोजून लिहून ठेवले. पायलट जेट हवेने साफ केला. तार घातली तर पितळेचं बारीक भोक मोठं होतं, म्हणून ती घातली नाही. आता प्लग तपकिरी दिसतो, सिग्नलला गाडी बंद पडत नाही.

परवा आईला मागे बसवून राजवाड्यापर्यंत नेऊन आणलं. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

गणपती बाप्पा मोरया!