वस्तूला विचारावे कसे?



स्वयंपाकघरातील फळीवर डबे मांडलेले असतात. घरच्या गृहिणीला चिठ्ठ्या लागत नाहीत. डावीकडून तिसरा डबा हळदीचा, हे तिच्या हाताला ठाऊक असते. सी-प्लस-प्लससारख्या भाषेतील आज्ञावली संगणकाच्या यंत्रभाषेत उतरते तेव्हा असेच घडते. वस्तूच्या गुणधर्मांना लेखकाने दिलेली नावे सामान्यतः गळून पडतात, जागा तेवढ्या उरतात. काम वेगाने होते. परंतु आज्ञावली चालू असताना ‘या वस्तूजवळ काय काय आहे?’ असे विचारावे, तर उत्तर मिळत नाही.

कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी १९७० नंतरच्या दशकात घडविलेल्या स्मॉलटॉक भाषेने मात्र चिठ्ठ्या जपल्या. वस्तूला ‘इन्स्पेक्ट’ असा निरोप धाडावा, की पडद्यावर एक खिडकी उघडे. एका बाजूस गुणधर्मांची नावे, दुसरीकडे त्यांची मूल्ये, आणि ती तिथल्या तिथे बदलण्याचीही मुभा!

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेतही अशी विचारपूस करता येते. ‘डिर’ म्हटले की नावांची यादी मिळते. ती पूर्ण असेलच असे नाही. शिवाय काही गुणधर्म साठविलेले नसतातच. विचारल्यावर त्याच क्षणी शिजवून वाढले जातात. म्हणजे नुसते डोकावले तरी चूल पेटते.

याचा चटका मला बसला आहे. एका रुग्णालयासाठी लिहिलेल्या आज्ञावलीत रुग्णाच्या नोंदीला आम्ही विचारीत होतो: तुझ्याजवळ ‘वर्ज्य औषधे’ हा गुणधर्म आहे काय? ‘हॅजअ‍ॅट्र’ने निर्विकारपणे ‘नाही’ म्हटले. वस्तुतः गुणधर्म होता. ती यादी ज्या फाइलीतून यावयाची, ती फाइलच उघडत नव्हती! चाचणीतच हे उमगले म्हणून बरे; नाही तर त्या ‘नाही’च्या भरवशावर कोणाला काय टोचले गेले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

जुन्या आवृत्त्यांत हा प्रश्न आतली जवळजवळ कोणतीही चूक गिळून ‘नाही’ म्हणत असे. २०११ च्या ३.२ या आवृत्तीत ही खोड मोडली. गुणधर्म नसल्याची चूक आली तरच आता ‘नाही’ मिळते; इतर चुका उघड होतात. त्याच आवृत्तीत ‘गेटअ‍ॅट्र-स्टॅटिक’ ही क्रिया आली. ती चूल न पेटविता फळी पाहून येते. मात्र ताज्या शिजणाऱ्या गुणधर्माबद्दल विचारले, तर तिच्या हाती पदार्थ लागत नाही, त्याची पाककृती तेवढी लागते.