एका पंगतीला बसलेली पोरं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला विषय दिला होता 'शिक्षणाचे महत्त्व'. आता ते आमच्यासारख्या नववी शिकलेल्या गिरणी कामगाराने तुम्हाला काय सांगायचं? धुणीभांडी करून पोरांच्या फिया भरणाऱ्या बाया इथे बसल्या आहेत, त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून आम्ही विषय थोडा बदलून घेतला आहे. घर सोडून बोर्डिंगात जाणाऱ्या पोरांबद्दल आणि तिथे त्यांना जो मित्र भेटतो त्याबद्दल आम्ही बोलणार आहोत.

घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, कुठल्याही वस्तीत जा. दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसं, टी.व्ही. चालू, बाहेर नळावर भांडण. पोरगं आठवीत गेलं की आईबापाला वाटतं, याला कुठेतरी शांत ठिकाणी टाकावं. मग अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांच्या शासकीय निवासी शाळेची चौकशी होते, समाजकल्याणच्या हॉस्टेलची होते, नवोदयची होते. पेटी भरली, ताट-वाटी दिली, दादरला गाडीत बसवलं की आपलं काम संपलं असं आपण समजतो. पोराचं काम तिथून पुढे सुरू होतं.

बोर्डिंग ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. 1908 साली शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्याच्या उद्घाटनाला कोल्हापुरातच दुसऱ्या एका बोर्डिंगात राहणारा विशीच्या आसपासचा एक विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याला सांगितलं, आधी अंघोळ कर आणि मग जेवायला बस. तो म्हणाला, करणार नाही. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. हा विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. आपण कोण आहोत हे त्या पोराला वर्गात कळलं नाही, ते जेवणघराच्या उंबऱ्यावर कळलं. पुढे 1924 साली त्यांनी साताऱ्यात स्वतःचं बोर्डिंग काढलं, तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली. पोरांनी मिळून काम करायचं आणि एका पंगतीला बसून जेवायचं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. 1927 साली गांधीजी ते बोर्डिंग बघून गेले.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही जानेवारी 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. ज्यांच्या घरात कागदाचा कपटा नव्हता, ती पोरं चार मित्र मिळाल्याबरोबर लिहायला लागली! हे आम्हाला फार मोठं वाटतं.

जेवणाच्या पंगतीचं आम्ही एवढं का धरून बसलोय? गिरणीत पूर्वी आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता, पण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडचा धागा दुसऱ्याला चालत नव्हता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला होता. आम्ही बदली म्हणून लागलो तेव्हा ते दिवस गेले होते, पण जुनी माणसं सांगायची. शेजारी साच्यावर उभं राहता येत नाही तिथे दोस्ती कुठून होणार?

आता आपल्याच वस्तीतली गोष्ट सांगतो. पोराचं नाव सांगत नाही, आईबाप इथे बसलेत. काही वर्षांपूर्वी आठवीत त्याला सातारा जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत घातला. सगळ्या जातींची पोरं तिथे होती. पहिल्या रात्री त्याला झोप आली नाही. भीती नव्हती, लोकलचा आवाज नव्हता! जन्मापासून रेल्वेलाइनच्या कडेला झोपलेलं पोर ते. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू झाले. आडनाव काय, गाव कोणतं, घरी देव कोणता. आपली पुष्कळ आडनावं अशी आहेत की दोन्हीकडे चालतात. पोरांनी आपापला अंदाज बांधला आणि याने तो खोडला नाही. गप्प राहिला. तेरा वर्षांचं लेकरू, नवी जागा. जून ते नोव्हेंबर तो असा दबून राहिला. घरच्या पत्रात मात्र 'मजेत आहे'.

त्याच्या शेजारच्या कॉटवर माण तालुक्यातला एका मेंढपाळाचा पोरगा होता. त्याच्या बोलण्याला सगळे हसायचे. मुंबईचं पोर हसलं नाही, तेवढ्यावर दोघांची गट्टी जमली. याने त्याला कॅरम शिकवला, त्याने याला विहिरीत पोहायला शिकवलं. रात्री दिवे गेल्यावर दोघे गप्पा मारत पडायचे.

सहा डिसेंबर आला. वर्तमानपत्रात दादरच्या गर्दीचा फोटो. माणच्या पोराने सहज विचारलं, "तू मुंबईचा ना रं? एवढी माणसं कशाला जात्यात तिथं?" आता बघा, आडनाव विचारणाराही विचारतच होता, आणि हाही विचारत होता. पण त्याला याची जागा ठरवायची होती, आणि याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पोराने सांगितलं, "आम्ही पण जातो. आम्ही बौद्ध आहोत." दोस्त म्हणाला, "बरं. पर का जाताय ते सांग की."

तिथे आमचा गडी अडला. दरवर्षी बापाच्या खांद्यावर बसून चैत्यभूमीला गेलेला पोर, पण का जातो ते त्याला नीट सांगता येईना. त्याचं आम्हाला पत्र आलं, "काका, येवल्याला बाबासाहेब नेमकं काय बोलले? नागपूरला 1956 साली काय झालं? मित्राला सांगायचं आहे." आम्ही उत्तर लिहिलं नाही, पुस्तकं पाठवली. दोघांनी मिळून वाचली.

सगळं गोड झालं असं नाही. ही गोष्ट पसरल्यावर दोन पोरांनी आपल्या कॉट हलवल्या. एक शिक्षक त्याला म्हणाले, "सांगायची काय गरज होती?" पोराने घरी फोन करून सांगितलं, मला घेऊन जा. बाप निघाला होता, पिशवी भरून. पण दुसऱ्या दिवशी पोराचाच फोन आला, "नका येऊ. तो म्हणतोय तू गेलास तर मी पण गावाला जाणार मेंढरामागं. त्याचं शिक्षण बुडंल." बाप थांबला. आज दोघेही कॉलेजात आहेत.

आता धम्माचं दोन शब्दांत सांगतो, सविस्तर भन्तेजी सांगतील. कल्याणमित्र म्हणजे अर्धा धम्ममार्ग, असं आनंद एकदा तथागतांना म्हणाला. तथागतांनी त्याला थांबवलं आणि अर्धा नव्हे, सगळाच आहे असं सांगितलं. सिगाल नावाच्या तरुणाला त्यांनी खोटे मित्र आणि खरे मित्र वेगळे करून दाखवले. पिण्याला आणि रात्री भटकायला सोबत देतो तो खोटा. सुखात-दुःखात सारखा राहतो, चुकत असलास तर अडवतो तो खरा. हॉस्टेलमध्ये दोन्ही जातीचे मित्र भेटतात, जात म्हणजे ही जात. (हशा)

म्हणून आईबापांना विनंती. रविवारी फोन लागला की पहिला प्रश्न 'मार्क किती' हा विचारू नका. जेवताना तुझ्या शेजारी कोण बसतं ते विचारा. नाव सांगितलं तर निर्धास्त राहा. महिना झाला आणि नाव येत नसेल, तर गाडी पकडून जा आणि रेक्टरला भेटा. रडला म्हणून पंधरा दिवसांत परत आणू नका, पण कोणी ताट वेगळं मांडत असेल तर एक दिवसही गप्प बसू नका. आम्हाला सांगा, आम्ही बरोबर येतो. आणि पोरीलाही पाठवा हो. पोराला बोर्डिंग आणि पोरीला धुणंभांडं, हे आता पुरे.

येत्या जूनमध्ये आपल्या वस्तीतून दोन मुलगे आणि एक मुलगी जात आहेत. त्यांच्या पेट्यांवर नावं घालायची आहेत. रंग आणि ब्रश आमच्याकडे आहे, रविवारी सकाळी वंदना झाल्यावर पेट्या घेऊन विहारात या. नाव पूर्ण घालू, आडनावासकट.

जयभीम.